अविडा-एड : उत्क्रांतीचा प्रयोग एका तासात बसवणाऱ्या सॉफ्टवेअरचं परीक्षण

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात ‘वैज्ञानिक पद्धत’ आणि ‘उत्क्रांती’ ही दोन प्रकरणं सहसा वेगवेगळी शिकवली जातात. पहिल्यात निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष अशी बाणांची आकृती असते. दुसऱ्यात फिंच पक्ष्यांच्या चोची आणि जिराफाची मान. विद्यार्थ्याला आकृती पाठ होते, पण ती कुठे लावायची ते कळत नाही, आणि उत्क्रांती प्रयोग करून तपासता येते हे तर त्याच्या ध्यानीमनीही नसतं. अविडा-एड हे मोफत सॉफ्टवेअर ही दोन्ही प्रकरणं एकाच टेबलावर आणतं. या कामासाठी मिळणाऱ्या साधनांत मला ते सगळ्यांत उजवं वाटतं. मात्र ते आपोआप शिकवत नाही. तास नीट आखला नाही, तर विद्यार्थी रंगीत ठिपके बघून घरी जातात.

मुळात ‘अविडा’ हे संशोधनाचं सॉफ्टवेअर आहे. क्रिस अडामी, चार्ल्स ओफ्रिया आणि टायटस ब्राउन यांनी 1993 च्या सुमारास कॅल्टेक या कॅलिफोर्नियातल्या संस्थेत त्याची सुरुवात केली. अविडा-एड ही त्याची शिकवण्यासाठी केलेली आवृत्ती, मिशिगन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट पेनॉक यांच्या पुढाकाराने तयार झालेली. आता ती थेट ब्राउझरमध्ये चालते, काही बसवावं लागत नाही.

यात उत्क्रांतीचं चित्र दाखवलेलं नसतं, उत्क्रांती खरोखर घडते. प्रत्येक ‘अविडियन’ म्हणजे एक छोटा संगणकीय प्रोग्राम, गोल कड्यात मांडलेल्या 50 सूचनांचा. हा प्रोग्राम स्वतःची प्रत काढतो. प्रत काढताना चुका होतात, म्हणजे म्युटेशन. जागा मर्यादित असते, त्यामुळे जो भराभर प्रती काढतो त्याची पिल्लं पडद्यावरच्या डिशमध्ये वाढतात. प्रत, चूक आणि स्पर्धा एवढं असलं की नैसर्गिक निवड सुरू होते, तिचा निकाल कुणी आधी लिहून ठेवलेला नसतो. सशांच्या आणि लांडग्यांच्या सिम्युलेशनमध्ये (फेट या मोफत संग्रहातलं ‘नॅचरल सिलेक्शन’ हे त्यातलं चांगलं उदाहरण) तपकिरी रंगाचं म्युटेशन आपण बटण दाबून आणतो. अर्ध्या तासाच्या ओळखीसाठी ते उत्तम आहे. पण बटण दाबून म्युटेशन आणलं की ‘गरज होती म्हणून बदल आला’ हा गैरसमज हलत नाही, उलट पक्का होण्याचीच भीती. अविडा-एडमध्ये म्युटेशन कुठे पडेल ते शिक्षकालाही माहीत नसतं.

पडद्याची मांडणी सुटसुटीत आहे. डाव्या बाजूला ‘फ्रीझर’, त्यात तयार केलेले सेटअप, एकेकटे जीव आणि भरलेल्या डिश साठवता येतात. मधे तीन दालनं : पूर्ण समष्टीची, म्हणजे सगळ्या जीवांची मिळून पेट्री डिश, एकाच जीवाचं आयुष्य पाऊलपाऊल दाखवणारं दालन, आणि आलेख ताडून पाहण्याचं दालन. वस्तू माऊसने उचलायची आणि हवी तिथे टाकायची. वेळ ‘अपडेट’ या एककात मोजला जातो. अपडेट म्हणजे डिशमधल्या जीवांना थोड्या-थोड्या सूचना चालवू देणारी एक फेरी, पिढी नव्हे. हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक अहवालात ‘1000 पिढ्यांनंतर’ असं छापून येईल.

पहिला तास : एकच जीव, एकच कडं

डिश उघडण्याची घाई करू नका. पहिला तास एका जीवाच्या दालनात घालवावा. फ्रीझरमधला मूळ पूर्वज तिथे टाकला आणि चालवला की तो सूचना एकेक करून वाचतो आणि शेजारी दुसरं कडं उभं राहायला लागतं. विद्यार्थ्यांना कड्याचा मोठा भाग एकाच रंगाच्या ठिपक्यांचा दिसतो. त्या रिकाम्या सूचना आहेत, प्रत काढण्याच्या कामात त्यांचा उपयोग नाही. म्युटेशन त्या पट्ट्यात पडलं तर बहुधा काहीच होत नाही. प्रत काढणाऱ्या मोजक्या सूचनांवर पडलं तर पिल्लू वांझ निघतं. ‘म्युटेशन चांगलं की वाईट’ हा प्रश्न ते कुठे पडलं हे पाहिल्याशिवाय विचारताच येत नाही, हे इथे व्याख्यान न देता कळतं.

आता म्युटेशनचा दर 10 टक्के करा आणि प्रत्येकाला पाच पिल्लं काढायला सांगा, प्रत्येक वेळी त्याच पूर्वजापासून. आईचं कडं आणि पिल्लाचं कडं ताडून किती सूचना बदलल्या ते मोजायचं. चालवण्याआधी अंदाज लिहून घ्यायचा. 50 सूचना आणि 10 टक्के दर, म्हणजे सरासरी 5, हे सगळे सांगतील. त्यातले बरेच जण प्रत्येक पिल्लात 5 बदल असतील असंही लिहितील. मग आकडे येतात : 2, 7, 4, 9, 5. तीस जणांच्या वर्गात दीडशे आकडे जमतात. फळ्यावर ठिपक्यांचा आलेख काढला की सुमारे तीन चतुर्थांश पिल्लं 3 ते 7 बदलांमध्ये सापडायला हवीत. सरासरी म्हणजे काय आणि फैलाव म्हणजे काय, हे याच आकड्यांवर शिकवून घ्यावं. पुढचा सगळा प्रयोग फैलावावर उभा आहे.

याच ठिकाणी 2 टक्क्यांचं गणितही करून घ्या, कारण डिशमध्ये नेहमी तोच दर वापरायचा आहे. सरासरी एक बदल. पण एकही बदल न झालेली पिल्लं किती? 0.98 चा 50 वा घात, म्हणजे सुमारे 0.36. शंभरातली 36 पिल्लं हुबेहूब आईसारखी. दर 10 टक्के केला तर हेच प्रमाण हजारात पाचांवर येतं. दर वाढवला की ‘उत्क्रांती भराभर होईल’ असं वाटणाऱ्यांना हा आकडा नंतर फार उपयोगी पडतो.

नॉटोजचा प्रयोग

हा या साधनातला सर्वांत मोलाचा तास आहे. सगळा अभ्यासक्रम गुंडाळावा लागला तरी हा सोडू नये.

पार्श्वभूमी थोडक्यात. डिशमध्ये नऊ ‘साखरा’ ठेवता येतात : नॉटोज, नॅनोज, अँडोज आणि अशाच पुढे इक्वोजपर्यंत. प्रत्येक साखर पचवायला एक तार्किक क्रिया (संगणक 0 आणि 1 वर करतो तशी) करावी लागते, नॉटोजला ‘नॉट’, इक्वोजला ‘इक्यू’. जो जीव ती क्रिया करतो त्याला जादा ऊर्जा मिळते, म्हणजे त्याचा प्रोग्राम जास्त वेगाने चालतो. मूळ पूर्वजाला यातली एकही क्रिया येत नाही, तो नुसती स्वतःची प्रत काढतो. क्रिया येते ती म्युटेशनमधूनच.

प्रश्न असा : नॉटोज असल्यामुळे ‘नॉट’ करणारं म्युटेशन लवकर उद्भवतं का?

दोन सेटअप तयार करायचे. दोन्हीकडे डिश 30 गुणिले 30, म्हणजे 900 जागा. म्युटेशन दर 2 टक्के, पूर्वज एकच. एकात नऊच्या नऊ साखरा बंद, दुसऱ्यात फक्त नॉटोज चालू. दोन्ही नावं देऊन फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि प्रत्येक खेप तिथूनच उचलायची. प्रत्येक वेळी हाताने खुणा करत बसलं की कुठेतरी एखादी साखर चालू राहून जाते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मोजायच्या गोष्टी दोन. पहिली, ‘नॉट’ करणारा पहिला जीव कोणत्या अपडेटला दिसला. दुसरी, 1000 व्या अपडेटला समष्टीतले किती टक्के जीव ‘नॉट’ करतात. दुसरा आकडा सोपा आहे, कारण ठराविक अपडेटला आपोआप थांबण्याची सोय सेटअपमध्येच आहे. पहिल्यासाठी क्रियांच्या तक्त्यावर डोळा ठेवावा लागतो. दोघांची जोडी असेल तर एकाने फक्त तक्ता बघायचा. तरीही आकडे हुकत असतील तर दर 50 अपडेटला थांबा आणि ‘नॉट पहिल्यांदा कोणत्या टप्प्यात दिसलं’ एवढंच लिहा. आकडा ढोबळ होतो, पण सगळ्यांचा सारखाच ढोबळ होतो, आणि तुलनेसाठी तेवढं पुरतं.

प्रत्येक जोडीने दोन्ही सेटअपच्या तीन-तीन खेपा करायच्या. पंधरा जोड्या असतील तर दोन्ही बाजूंना 45 आकडे जमतात. इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. सेटअपमध्ये ‘एक्सपेरिमेंटल’ आणि ‘डेमो’ असे दोन पर्याय आहेत. डेमोमध्ये यदृच्छ आकड्यांची सुरुवात ठरलेली असते, म्हणून प्रत्येक खेप तंतोतंत आधीसारखीच चालते. शिक्षकाला वर्गात दाखवायला हे सोयीचं. पण विद्यार्थ्यांच्या संगणकावर डेमो राहिलं तर तीन खेपांचे तीन आकडे एकच येतात, आणि विद्यार्थी खुशीने लिहितात की ‘आमच्या प्रयोगात अजिबात फरक पडला नाही, म्हणजे तो फार अचूक आहे’. एकच खेप तीनदा पाहणं आणि तीन खेपा करणं यातला फरक समजावायला ही नामी संधी आहे. मात्र ती मुद्दाम आखून घ्यावी, तास संपताना कळून उपयोग नाही.

आता निकालाकडे. ‘नॉट’ नॉटोज नसतानाही उद्भवतं. तिथे ते एखाद-दुसऱ्या जीवात दिसतं, विरून जातं, पुन्हा कुठेतरी उगवतं. नॉटोज असलेल्या डिशमध्ये ते एकदा टिकलं की पसरतं. टक्केवारीच्या स्तंभात दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो. पण ‘पहिल्यांदा कधी’ हा स्तंभ दोन्हीकडे एकमेकांत मिसळलेला असायला हवा. कारण पहिला ‘नॉट’ करणारा जीव जन्मेपर्यंत दोन्ही डिशमध्ये बक्षीस मिळवणारा कुणीच नसतो, तोवर नॉटोज असणं-नसणं सारखंच. बक्षीस कामाला लागतं ते त्यानंतर.

पहिल्या स्तंभातला आकडा बदलत नाही आणि दुसऱ्यातला बदलतो, यातून विद्यार्थ्याला कळतं की म्युटेशन आणि निवड या दोन वेगळ्या घटना आहेत. ‘गरजेपोटी बदल होतो’ असं मानणाऱ्याला पहिल्या स्तंभातही फरक दिसायला हवा होता. दोन कल्पनांची दोन वेगळी भाकितं, आणि त्यांच्यात निवाडा करणारा एक मोजता येणारा आकडा. वैज्ञानिक पद्धत म्हणून जे शिकवायचं ते एवढंच आहे, आणि इथे ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या तक्त्यात असतं.

तक्ता भरून झाल्यावर लुरिया आणि डेलब्रुक यांचा 1943 चा प्रयोग सांगावा, आधी नाही. विषाणूला दाद न देणारे जिवाणू विषाणू भेटल्यावर तयार होतात की आधीपासूनच असतात, हा त्यांचा प्रश्न होता, आणि ‘आधीपासूनच असतात’ हे उत्तर त्यांनी वेगवेगळ्या नळ्यांमधल्या आकड्यांच्या फैलावातून काढलं. 1952 मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी मखमलीचा ठसा घेऊन एका थाळीतल्या वसाहती जशाच्या तशा दुसऱ्या थाळीवर उतरवल्या आणि हेच वेगळ्या रीतीने दाखवलं. अविडा-एडमध्ये याचंही प्रतिरूप करता येतं. नॉटोज नसलेल्या डिशमध्ये ‘नॉट’ करणारा जीव सापडला की तो फ्रीझरमध्ये टाका आणि नॉटोज असलेल्या नव्या डिशमध्ये मूळ पूर्वजासोबत सोडा. ज्याने नॉटोज कधी पाहिलंच नाही तो जीव तिथे पहिल्यापासून पुढे असतो. उचलण्याआधी तो प्रत काढू शकतो ना, तेवढं एका जीवाच्या दालनात तपासून घ्या.

गृहीतक आणि भाकीत

पहिल्या वर्षाच्या अहवालांमध्ये गृहीतकाच्या नावाखाली बहुतेक वेळा भाकीतच लिहिलेलं असतं. ‘नॉटोज दिल्यास नॉट करणारे जीव वाढतील’ हे भाकीत. ‘नॉट करणाऱ्याला जादा ऊर्जा मिळते, त्यामुळे तो त्याच वेळात जास्त पिल्लं टाकतो आणि त्याचा वंश डिश व्यापतो’ हे गृहीतक. दुसऱ्यात ‘का’चं उत्तर आहे, म्हणून त्यातून आणखी भाकितं काढता येतात. उदाहरणार्थ, डिशची सरासरी फिटनेस ‘नॉट’चं प्रमाण वाढताना त्याच सुमारास चढली पाहिजे. अविडा-एडमध्ये हा आलेख खालीच चालू असतो, त्यामुळे लगेच पडताळा घेता येतो.

अहवालात तीन ओळी सक्तीच्या करा : कारण काय मानता, ते खरं असेल तर काय दिसेल, आणि काय दिसलं तर ते सोडून द्याल. तिसरी ओळ लिहिताना विद्यार्थी अडखळतात. वर्गातला वेळ तिच्यावर खर्च करावा.

‘फिटनेस’ या शब्दानेही घोळ होतो, कारण विद्यार्थ्याच्या डोक्यात व्यायामशाळा असते. इथे तिची व्याख्या स्वच्छ आहे : ऊर्जा मिळवण्याचा वेग भागिले पिल्लू काढण्याचा खर्च. म्हणजे फिटनेस दोन वाटांनी वाढते, जास्त ऊर्जा मिळवून किंवा कमी खर्चात प्रत काढून. दोन्ही आकडे वेगवेगळे दिसतात. फिटनेस वाढली की लगेच ‘नवी क्रिया शिकले’ असं लिहिणाऱ्याला आधी खर्चाचा आलेख बघायला लावा.

साखरा बंद म्हणजे निवड बंद नव्हे

हा मुद्दा शिकवणाऱ्यांकडूनही निसटतो. सगळ्या साखरा काढल्या की ‘आता निवड नाही’ असं सांगितलं जातं, ते बरोबर नाही. प्रत काढता न येणारी पिल्लं तेव्हाही बाद होतात, कमी खर्चात प्रत काढणारी तेव्हाही पुढे जातात. साखरा नसलेली डिश हा नॉटोजच्या बक्षिसापुरता कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेली बाजू) आहे, निवडीचा कंट्रोल नाही. कंट्रोल नेहमी कोणत्या तरी एका गोष्टीचा असतो. नुसतं ‘हा कंट्रोल’ असं म्हटलेलं खपवून घेऊ नये.

निवड खरोखर बाजूला ठेवून जेनेटिक ड्रिफ्ट, म्हणजे नुसत्या योगायोगाने वंशांचं प्रमाण बदलणं, दाखवायची असेल तर रीत वेगळी. पूर्वजाची एक प्रत दुसऱ्या नावाने फ्रीझरमध्ये ठेवा. दर शून्य टक्के. दोन्ही पूर्वज एकाच डिशमध्ये. रंग फिटनेसप्रमाणे न दाखवता पूर्वजाप्रमाणे दाखवा, नाहीतर सगळं एकाच रंगाचं दिसेल. दोन वंशांत आता नावाखेरीज काही फरक नाही. तरी डिश भरल्यावर प्रत्येक पिल्लू कुणाच्या तरी जागी बसतं आणि दोन रंगांचं प्रमाण हेलकावे खात राहतं. 10 गुणिले 10 च्या डिशमध्ये एक रंग पुसला जाण्याची शक्यता 30 गुणिले 30 पेक्षा त्याच वेळात कितीतरी जास्त. पिल्लं ‘आईजवळ’ न टाकता ‘कुठेही’ टाकण्याचा पर्याय निवडा. आईजवळ टाकली की एकेका रंगाची बेटं तयार होतात आणि चित्र संथ होतं. जिंकलेला रंग अर्ध्या वर्गात एक आणि अर्ध्यात दुसरा असेल, हे सगळ्यांचे निकाल एकत्र ठेवल्यावरच दिसतं. एकट्याने एक खेप पाहणारा विद्यार्थी हमखास ‘तो जास्त सक्षम होता’ असंच लिहितो.

इक्यू आणि ‘एवढं गुंतागुंतीचं आपोआप कसं?’

नऊ क्रियांत ‘इक्यू’ सर्वांत अवघड. या जीवांना मुळात ‘नँड’ ही एकच तार्किक सूचना उपलब्ध असते. ‘नॉट’ला ती एकदा वापरून भागते, इक्यूला निदान पाचदा. लेन्स्की, ओफ्रिया, पेनॉक आणि अडामी यांनी 2003 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलेला प्रयोग मूळ अविडावरच केलेला आहे आणि पहिल्या वर्षाला सांगण्याजोगा आहे. सोप्या क्रियांनाही बक्षीस होतं तेव्हा 50 पैकी 23 समष्टींत इक्यू उत्क्रांत झालं. बक्षीस फक्त इक्यूला ठेवलं तेव्हा 50 पैकी एकाही समष्टीत नाही. मधल्या पायऱ्यांचा स्वतःचा काही फायदा असावा लागतो, हे यापेक्षा नेमकं दाखवणारे आकडे मला माहीत नाहीत. आणखी एक तपशील : तिथल्या वंशावळीत इक्यूकडे नेणाऱ्या वाटेवर त्या-त्या वेळी अपायकारक ठरलेली म्युटेशनंही होती. उत्क्रांती म्हणजे सतत वर चढणारा जिना, ही समजूत त्याने मोडते.

वर्गात हा प्रयोग करताना अपेक्षा बेताच्या ठेवा. एका तासात प्रत्येक डिशमध्ये इक्यू येणार नाही. नऊही साखरा चालू ठेवून रात्रभर काही संगणक चालवले आणि सकाळी डिश तपासल्या तर निदान तुलना करण्याजोगं काही हाती लागतं. ज्यांच्याकडे आलं नाही त्यांचा निकालही तक्त्यात जायलाच हवा. तो गाळला तर 50 पैकी 23 या आकड्यातला ‘50’ कुठून आणणार?

‘पण हे तर संगणकात’ ही हरकत येणारच, आणि ती रास्त आहे. उत्तर म्हणून लेन्स्की यांचाच जिवाणूंवरचा दीर्घकालीन प्रयोग ठेवावा. फेब्रुवारी 1988 मध्ये इ. कोलायच्या 12 समष्टींवर तो सुरू झाला आणि ठराविक अंतराने नमुने गोठवून ठेवले गेले. त्यातल्या एकाच समष्टीत, सुमारे 31,500 पिढ्यांच्या टप्प्यावर, ऑक्सिजन असताना सायट्रेट हे संयुग अन्न म्हणून वापरण्याची क्षमता आली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात जुने गोठवलेले नमुने पुन्हा वाढवून ‘हे परत घडतं का, आणि कोणत्या टप्प्यापासून’ हे तपासलं गेलं. अविडा-एडमधला फ्रीझर नेमका यासाठी आहे. 500 व्या अपडेटची डिश गोठवा, तिथून पाच वेळा पुढे चालवा, पाचही वाटा ताडून बघा.

उणिवा

तार्किक क्रिया हा सर्वांत मोठा अडथळा. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘नँड’ म्हणजे काय हे माहीत नसतं, आणि ते समजावण्यात अर्धा तास गेला तर प्रयोगाचा जीव जातो. ‘साखर पचवण्याची क्षमता’ एवढ्यावर भागवा, तर्कशास्त्र विचारणाऱ्याला नंतर द्या. पडद्यावरची सगळी भाषा इंग्रजी आहे. बटणांची नावं आणि त्यांचे मराठी अर्थ यांचा अर्ध्या पानाचा कागद आधीच वाटला तर प्रश्न सुटतो.

पुनरुत्पादन अलैंगिक आहे. त्यामुळे प्रभावी-अप्रभावी जनुकं, संकर, लैंगिक निवड यातलं काही इथे मिळणार नाही. मेंडेल आणि निवड जोडून शिकवायची असेल तर वर सांगितलेलं सशांचं सिम्युलेशनच बरं, तिथे वंशावळ आणि जनुकरूप दिसतं. कड्याची लांबी ठरलेली असते, म्हणून जनुकं दुप्पट होऊन नवं काम घेतात हेही इथे दाखवता येत नाही.

साखरा माणसाने ठेवल्या, मग निवड कृत्रिमच झाली, असा आक्षेप चुणचुणीत विद्यार्थी घेतात. परिस्थिती आपण ठरवतो हे मान्य करावं, जिवाणूंच्या नळीतलं द्रावणही माणूसच बनवतो. कोणता बदल व्हावा आणि कोणी जगावं हे मात्र आपण ठरवत नाही. दोन जोड्यांच्या डिशमधले ‘नॉट’ करणारे जीव एका जीवाच्या दालनात शेजारी ठेवले की एकच काम वेगवेगळ्या सूचनांनी झालेलं दिसू शकतं.

कामचलाऊ अडचणींत एकच गंभीर आहे : काम जतन करणं. फ्रीझरमध्ये टाकलं म्हणजे जपलं गेलं असा समज होतो. फ्रीझर त्या चालू सत्रापुरता असतो. पूर्ण वर्कस्पेस फाईल म्हणून उतरवून घेतली नाही आणि टॅब बंद झाला, तर सगळं गेलं. आलेखाचे आकडेही तक्त्याच्या फाईलमध्ये बाहेर काढता येतात, ते वेगळे काढून घ्यावेत. वस्तू ओढून टाकायची असल्यामुळे मोबाईलच्या छोट्या पडद्यावर हे करायला लावू नका. जुन्या संगणकावर मोठी डिश रेंगाळते, तिथे 30 गुणिले 30 च्या वर जाऊ नये.

स्वतंत्र प्रकल्प द्यायचा झाला तर

दोन आठवडे हाताशी असतील तर विद्यार्थ्यांना स्वतःचा प्रश्न घ्यायला लावा. बरेच जण ‘सर्वांत चांगला जीव कसा तयार होईल’ असं काहीतरी आणतात, ज्यात मोजायचं काय तेच ठरलेलं नसतं. त्यापेक्षा म्युटेशन दराचा प्रश्न उत्तम पेलतो : नऊही साखरा चालू ठेवून 0, 0.5, 1, 2, 4 आणि 8 टक्के दरांना 2000 व्या अपडेटची सरासरी फिटनेस, प्रत्येक दराच्या निदान पाच खेपा. शून्याला नवं काही येऊच शकत नाही, फार चढ्या दराला आलेलं टिकत नाही. मधे कुठेतरी माथा असावा हे भाकीत विद्यार्थी स्वतः काढू शकतो, पहिल्या तासाचं 0.98 चं गणित त्याला इथे कामाला येतं. आलेखात नुसती सरासरी न काढता प्रत्येक खेपेचा ठिपका दाखवायला सांगा. फिटनेस क्रिया सापडली की एकदम पटींनी उडी मारते, त्यामुळे एखादी नशीबवान खेप सगळी सरासरी वर खेचते. उभा अक्ष लॉगमध्ये घेतला की चित्र वाचता येतं.

गुण देताना निकालाला शून्य भार ठेवा. भाकीत खेपा सुरू होण्याआधी लिहून दिलेलं होतं का, एका वेळी एकच गोष्ट बदलली का, सगळ्या खेपा नोंदल्या का, आणि निष्कर्ष आकड्यांच्या फैलावापलीकडे ताणला नाही ना, या चार गोष्टींवर गुण वाटा. अहवालासोबत वर्कस्पेसची फाईल मागवा, नावात गटाचा क्रमांक आणि तारीख घालून. शंका आली तर त्यांचाच सेटअप उचलून एक्सपेरिमेंटलमध्ये दोन खेपा चालवल्या की तो आकडा त्यांच्या फैलावात बसतो की नाही ते कळतं.